ओली काच, काळं कुंकू आणि कॅमेऱ्याची आकडेमोड

इलेक्ट्रॉनिक सिटीतून बोलतोय. गेले दोन भाग आपण नकाशांवर घालवले, आज कॅमेऱ्याकडे वळू. विषय आमच्या सोसायटीतल्या मुलांनी दिला. इथल्या कॉलेजांत इंजिनिअरिंग शिकणारी चार-पाच मराठी मुलं-मुली रविवारी सकाळी माझ्याकडे कॅमेरा शिकायला येतात. एक बेळगावची, एक अकोल्याचा, बाकी पुण्याकडची. अकोल्याच्या मुलानं दुसऱ्याच रविवारी विचारलं, "काका, फोन सगळं आपोआप ठरवतो. मग हे अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ डोक्यात कशाला भरायचं?"

प्रश्न रास्त आहे. माझ्या मते त्याचं उत्तर मुंबईत, १८५५ सालात सापडतं.

तिकडे जाण्याआधी मूळ हिशोब थोडक्यात सांगतो, ज्यांना येतो त्यांनी पुढे सरकावं. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातलं भोक किती उघडं आहे ते. शटर म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो ते. आयएसओ म्हणजे फिल्म किंवा सेन्सर किती संवेदनशील आहे ते. भोकाचे आकडे उलटे चालतात, एफ ४ मोठं आणि एफ १६ लहान. एफ ८ वरून एफ ११ वर गेलात की प्रकाश निम्मा होतो. मग शटर १/२५० ऐवजी १/१२५ सेकंद केलं की हिशोब पुन्हा जुळतो. निम्मं आणि दुप्पट, एवढंच गणित. भोक लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. शटर जलद केलं की पळणारं पोर जागच्या जागी थांबलेलं दिसतं. आयएसओ वाढवला की चित्रात दाणे येतात. तीन बटणं झाली.

आता मुंबई. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. शिकवायला डब्ल्यू. एच. एस. क्रॉफर्ड होते. दागेरची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली, त्याला जेमतेम सोळा वर्षं झाली होती. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. म्हणजे पदवी द्यायला मुंबईत विद्यापीठ नव्हतं, पण फोटो शिकवायला वर्ग होता!

त्या विद्यार्थ्यांपुढे आपली तिन्ही बटणं नव्हती. शटर नव्हतंच. भिंगावरचं झाकण काढायचं, तोंडानं आकडे मोजायचे, झाकण लावायचं. आयएसओचा आकडा कुठेच छापलेला नव्हता, कारण संवेदनशील काच प्रत्येकानं स्वतःच्या हातानं बनवायची होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत तेव्हा नवी होती. गन-कॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून चिकट द्रव करायचा. त्याला कलोडियन म्हणतात. गन-कॉटन हे स्फोटक, म्हणजे आम्हा फौजींच्या ओळखीचंच. हा द्रव काचेवर ओतून, काच हळूहळू कलती करत चारही कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरवायचा. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून मोजायचं, आणि वाळायच्या आत परत अंधारात नेऊन धुवायची. बोटं काळी पडत आणि दिवसेंदिवस तशीच राहत.

आणि इथे आपल्या हवामानाचा संबंध येतो. पुस्तकं विलायतेची होती. त्यांतला वेळेचा अंदाज लंडनच्या उजेडाचा, काच वाळण्याचा अंदाज तिकडच्या गारव्याचा. मुंबईच्या मे महिन्यात ईथर बघता बघता उडतं आणि काच विलायती हिशोबाच्या कितीतरी आधी वाळते. ऊन तिकडच्यापेक्षा प्रखर, पण सावलीही तितकीच गडद. त्यामुळे पुस्तक उघडून त्यातला आकडा उचलणं शक्यच नव्हतं. एक काच कमी वेळ, एक जास्त, मग मधली, असं चाचपडत आपला आकडा आपणच काढायचा. मी तोफखान्यातला माणूस. देवळालीला आम्हाला हेच शिकवलं: एक गोळा लक्ष्याच्या पलीकडे, एक अलीकडे, मग अंतर निम्मं करत आणायचं. याला ब्रॅकेटिंग म्हणतात, आणि फोटोवाले त्यांच्या या पद्धतीला नेमका हाच शब्द वापरतात.

दुसरी अडचण त्याहून मोठी. ओल्या काचेला निळा रंग भरपूर दिसे, तांबडा आणि तपकिरी जवळपास दिसतच नसे. त्यामुळे निळं आकाश कोरं पांढरं येई आणि कपाळावरचं कुंकू काळं. गव्हाळ किंवा सावळा चेहरा होता त्यापेक्षा काळवंडलेला येई. गोऱ्या साहेबाच्या चेहऱ्यासाठी ठरवलेले आकडे आपल्या माणसाला लावले की डोळे आणि दात तेवढे उठून दिसत. म्हणजे किती मोजायचं, हा प्रश्न नुसत्या उजेडाचा नव्हता. समोर कोण बसलंय, हाही त्यात होता.

सरकारला फोटो हवे होते ते वेगळ्या कारणानं. ईस्ट इंडिया कंपनीला इमारती, लेणी, शिलालेख यांच्या नोंदी हव्या होत्या आणि चित्रकारापेक्षा कॅमेरा स्वस्त आणि बिनचूक वाटत होता. म्हणून १८५५ मध्ये बॉम्बे आर्टिलरीचे कॅप्टन थॉमस बिग्ज यांना मुंबई सरकारचा फोटोग्राफर नेमलं. त्यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे या भागात कागदी निगेटिव्हवर कामं केली. आणि मग फौजेनं त्यांना परत पलटणीत बोलावून घेतलं! ते काम पुढे डॉ. विल्यम पिगू यांच्याकडे गेलं. माणूस एखाद्या कामात रुळला की बदलीचा हुकूम येतो, हा रिवाज किती जुना आहे ते बघा.

आमच्या बेंगळुरूतही असाच एक जण होता. मद्रास पायदळाचे कॅप्टन लिनियस ट्राइप. १८५४ च्या डिसेंबरात त्यांनी हळेबीड-बेलूरची देवळं टिपली. १८५५ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजाकडे गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर फोटोग्राफर म्हणून गेले. तिकडून आणलेल्या निगेटिव्हच्या प्रती त्यांनी बेंगळुरूतच छापल्या: १२० दृश्यं, ५० संच. गुणाकार करा, सहा हजार होतात. विजेचा दिवा नव्हता, छपाई उन्हात. आकाश पांढरं येतं हे त्यांना खटकलं, म्हणून निगेटिव्हवर रंगानं ढग काढले. आज फोनमध्ये आकाश बदलून मिळतं तेव्हा मुलं त्याला फसवणूक म्हणतात, त्यांना मी ट्राइपचं उदाहरण देतो.

पण माझा जीव या कप्तानांपेक्षा एल्फिन्स्टनच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थ्यांत जास्त गुंततो. त्यांच्यातला एक हरिश्चंद्र चिंतामण. शिकला आणि रॅम्पार्ट रोवर स्वतःचा स्टुडिओ थाटला. पेठेत दुकान मांडून गिऱ्हाइकाचा चेहरा टिपणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी तो एक. डॉ. भाऊ दाजी लाड हे सोसायटीच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर डॉक्टरकी शिकूनही उत्तम फोटोग्राफर म्हणून नावाजले. सरकारला मंदिराच्या खांबाची नोंद हवी होती. चिंतामणांच्या स्टुडिओत येणाऱ्याला स्वतःची छबी हवी होती, आणि ती काळवंडलेली आली तर तो पैसे देणार नव्हता. गव्हाळ चेहऱ्याला किती आकडे मोजायचे, हे माहीत असल्याखेरीज तो धंदा एक महिनाही चालला नसता. वर्गातल्या शिक्षणाला गिऱ्हाइकानं लावलेली ही परीक्षा होती.

पुढची पस्तीस वर्षं मी उडी मारून जातो. १८९० मध्ये दोन गोष्टी झाल्या. इंग्लंडात हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी काचेची संवेदनशीलता मोजण्याची शास्त्रीय रीत प्रसिद्ध केली. आजच्या आयएसओच्या आकड्याचं मूळ त्यांच्यापर्यंत जातं. तोवर कारखान्यातून कोरड्या काचा येऊ लागल्या होत्या, बोटं काळी करायची गरज उरली नव्हती. आणि त्याच वर्षी बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन सुरू केलं. धंदेशिक्षण आपल्या लोकांच्या भाषेतून द्यायचं, हा गज्जरांचा आग्रह. तिथे त्र्यंबकेश्वरचा एक विशीतला मुलगा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून आलेला, फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं शिकत होता. धुंडिराज गोविंद फाळके.

फाळक्यांचं पुढचं आपल्याला ठाऊक असतं, म्हणून एकच प्रसंग सांगतो. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. चित्रपटाला पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि थांबत थांबत, एकेक चौकट घेत, महिन्याहून जास्त दिवस त्याचे फोटो काढले. पडद्यावर वाटाणा डोळ्यांदेखत उगवून वर आला. फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी ते पाहिलं आणि कर्ज दिलं. कॅमेरा शिकलेल्या माणसाच्या नजरेनं यातली अडचण बघा. रोजचा उजेड वेगळा, ढग वेगळे. पण चौकटी सारख्या उजळ आल्या नाहीत तर पडदा नुसता लुकलुकणार. रोज तोच हिशोब नव्यानं करावा लागला असणार.

आणि सरस्वतीबाई फाळके. कोणत्याही वर्गात न बसता त्या घरात शिकल्या. कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. दिवसभर कामगारांचा स्वयंपाक करून रात्री अंधारात त्या फिल्मला भोकं पाडत, रसायनं कालवत, फिल्म धूत. ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला त्यात त्यांच्या हातांचं हे काम आहे. शाळांच्या पुस्तकांत त्यांना आणखी दोन ओळी मिळायला हव्यात, असं मी ठामपणे म्हणेन.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, नाशिकला आम्हा चौघा मित्रांत मिळून एक अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. तोही बडोद्यात बनलेला. रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यात ऊन, ढग आणि पिवळी काच एवढीच सोय. ही पिवळी काच कशासाठी, तर निळा उजेड अडवून आकाश थोडं गडद करायला, म्हणजे ढग दिसतील. ट्राइपनं जे कुंचल्यानं केलं तेच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. फोन आपोआप ठरवतो म्हणजे काय? कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं लावतो. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक प्रयोगशाळांना रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड पाठवे, त्यावर वर्षानुवर्षं गोरी बाई असे. 'शर्ली कार्ड' हे त्याचं नाव. जगभरच्या सावळ्या चेहऱ्यांचे फोटो त्या बाईच्या हिशोबानं धुतले गेले. २०२१ मध्ये गूगलनं पिक्सेल ६ फोनबरोबर 'रिअल टोन' म्हणून सावळ्या चेहऱ्यांसाठी वेगळी जुळणी आणली. म्हणजे रॅम्पार्ट रोवरच्या स्टुडिओत जो प्रश्न रोज समोर बसत होता, तो फोनच्या कारखान्यांनी दीडशेहून जास्त वर्षांनी हाती घेतला. आणि आपली ही मुलं तर याच कंपन्यांत नोकरी करणार आहेत.

ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी या आठवड्यात एक करून पाहा. कॅमेऱ्यातला साधा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. म्हशीचा फोटो जवळून काढा, म्हैस करडी येईल. पांढऱ्या धोतराचा काढा, तेही करडं. म्हशीला प्रकाश निम्मा करा, धोतराला दुप्पट. मग घरातल्या सर्वांत सावळ्या आणि सर्वांत गोऱ्या माणसाला खिडकीपाशी शेजारी शेजारी बसवा, कॅमेरा मॅन्युअलवर टाका, आणि दोघंही जसे आहेत तसे येतील असा आकडा शोधा. तीन-चार प्रयत्नांत सापडतो.

पुढच्या भागात कॅप्टन बिग्जच्या मागोमाग ऐहोळेला जाऊ.