सहलीतला कृष्णधवल कॅमेरा

‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ साली स्थापन झाली, तेव्हा शहराबाहेर जाऊन फोटो काढणे म्हणजे अख्खे बिऱ्हाड हलवणे होते. ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि फोटो काढून जागच्या जागी धुवायची. त्यासाठी काळा तंबू, बाटल्या, पाणी नि हमाल लागत. मुंबईच्या उकाड्यात काच वाळायचीही घाई. सोसायटीत डॉ. नारायण दाजींसारखे भारतीयही होते, पण ही हौस पैसा आणि सवड असणाऱ्यांचीच.

कोरड्या काचांनी तंबू सुटला. खरा फरक मात्र गुंडाळीच्या फिल्मने पडला. कोडॅकचा ‘ब्राउनी’ १९०० साली एका डॉलरला निघाला आणि पुढच्याच वर्षी १२० नंबरचा रोल आला. तो रोल आजही बाजारात आहे. कॅमेरा खांद्याला अडकला तसा तो सहलीतही शिरला. होमाई व्यारावाला पुढे दिल्लीतल्या राजकीय छायाचित्रांसाठी गाजल्या, पण विद्यार्थिदशेत त्यांनी टिपलेले सहलीचे फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले होते.

त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. त्यामुळे कपाळावरचे कुंकू आणि लाल लुगडे फोटोत काळेभोर उमटे. याच कारणाने डार्करूममध्ये लाल दिवा चाले आणि कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काचेची खिडकी ठेवता येई. पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंग टिपू लागली, तशी ती खिडकी झाकून ठेवावी लागली. पिवळा फिल्टर लावला की निळे आकाश गडद होऊन ढग उठून दिसत. सह्याद्रीचा काळा कातळ आणि त्यामागचे लख्ख आकाश दोन्ही एका फ्रेममध्ये सांभाळणे मात्र फिल्टरनेही जमत नसे. छायाचित्रकाराला एकाची बाजू घ्यावीच लागे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेरे महाग आणि दुर्मीळ झाले. त्या काळात बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’ मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. १२० च्या रोलवर त्यात बाराच चौकोनी फोटो निघत. सावलीत उभे राहून रोल भरायचा आणि खिडकीत आकडा येईपर्यंत खटका न दाबता बटण फिरवायचे. फिरवायचे राहिले, तर साध्या कॅमेऱ्यांत दोन फोटो एकावर एक बसत. बारा फोटोंमुळे प्रत्येकाची आधी बोलणी होत: कोण पुढे, कोण मागे, किल्ल्याचा दरवाजा घ्यायचा की माणसे. सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हवरून एन्लार्जरशिवाय कागदावर थेट प्रिंट काढता येई. अल्बममध्ये काळ्या कोपऱ्यांत अडकवलेले नक्षीदार कडांचे ते चिमुकले फोटो बहुधा असेच आलेले.

भारतीय फिल्म म्हणजे उटीची ‘इंदू’. ती बनवणारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० साली स्थापन झाली आणि उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले. रंगीत फोटोंचा जमाना आला, मागाहून आयात खुली झाली आणि कंपनी तोट्यात गेली.

आज कृष्णधवल रोल बाहेरून येतो आणि हौशी मंडळी तो बहुतेक घरीच, झाकणाच्या टाकीत धुतात. रंगीत लॅबच्या यंत्रात तो घातला, तर ब्लीचमध्ये चांदीबरोबर प्रतिमाही निघून जाते.