अंथरुणावरून लिहिलेली पत्रं

भरती निघाली की अर्जाच्या आधी गावात एक प्रश्न फिरतो, "कुणाचा वशिला लावलाय?" आपल्याकडे वशिला निदान दबक्या आवाजात चालतो. अमेरिकेत एके काळी तो भर उजेडात चालायचा. आज त्याचीच गोष्ट.

१८२९ साली अँड्र्यू जॅक्सन तिथले अध्यक्ष झाले. सरकारी काम काही फार अवघड नसतं, ते कुणीही शहाणं माणूस करील, म्हणून माणसं बदलत राहावीत, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला वाईट नाही. पण पुढे रीतच पडली. निवडणूक जिंकली की जुन्यांना घरी पाठवायचं आणि प्रचारात राबलेल्यांना त्यांच्या जागी बसवायचं. पोस्टमास्तर असो की जकातीचा कारकून, सगळ्यांचं तेच. १८३२ साली मार्सी नावाच्या सिनेटरने तर सभागृहात उभं राहून सांगितलं की जिंकणाऱ्याने लूट घेतली तर त्यात गैर काय! त्यावरूनच या पद्धतीला लुटीची पद्धत म्हणू लागले.

आणि नोकरी फुकट नसायची बरं का. पगारातला ठरावीक हिस्सा पक्षाला द्यायचा. नाही दिला, तर जागा धोक्यात. म्हणजे लोकांच्या कराचा पैसा पगाराच्या वाटेने पक्षाच्या थैलीत. मला यात हीच गोष्ट सगळ्यात वाईट वाटते. ज्याला नोकरी मिळाली, तोही मिंधाच.

न्यूयॉर्क बंदराची जकात कचेरी हे या पद्धतीचं मोठं ठाणं. तिथे हजारभर माणसं कामाला. १८७१ ते १८७८ तिचे प्रमुख होते चेस्टर आर्थर. हेच पुढे देशाचे उपाध्यक्ष झाले.

१८८१ च्या मार्चमध्ये जेम्स गारफील्ड अध्यक्ष झाले आणि दारात नोकरी मागणाऱ्यांची रीघ लागली. त्यातला एक चार्ल्स गिटो. याने प्रचारासाठी एक भाषण लिहिलं होतं. त्याच्या मते गारफील्ड त्या भाषणामुळेच निवडून आले, तेव्हा बक्षीस म्हणून पॅरिसच्या वकिलातीत मोठी जागा मिळायला हवी! हेलपाटे घालून जागा मिळेना. २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर त्याने अध्यक्षांवर गोळ्या झाडल्या. डॉक्टरांनी न धुतलेल्या बोटांनी जखम चाचपली, ती चिघळली, आणि १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. गिटोचं डोकं ठिकाणावर नव्हतं हे खरं. पण आपला हक्कच आहे असं मानून रांगेत उभा राहणारा तो एकटा नव्हता.

आता खुर्ची आर्थर यांची, म्हणजे त्याच जकात कचेरीच्या माणसाची. लोक धास्तावले.

गारफील्ड अंथरुणाला खिळलेले असतानाच आर्थर यांना एक पत्र आलं. लिहिणारी ज्युलिया सँड, न्यूयॉर्कची, एकतीस वर्षांची, अविवाहित, आजारपणामुळे बहुतेक घरातच असणारी. तिला मताचा अधिकार नव्हता, तिची कुठे ओळख नव्हती. तिने सरळ लिहिलं की लोकांना तुमची भीती वाटते, आता तरी चांगलं वागून दाखवा. अशी एकूण २३ पत्रं तिने पाठवली. कधी कौतुक केलं, कधी चांगलं झापलं. १८८२ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी आर्थर स्वतः तिच्या घरी जाऊन तिला भेटले.

१६ जानेवारी १८८३ ला आर्थर यांनी पेंडल्टन कायद्यावर सही केली. ठरावीक जागा परीक्षा घेऊनच भरायच्या, आणि पक्षाला पैसे दिले नाहीत म्हणून कुणाला काढायचं नाही. हे ज्युलियाच्या पत्रांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. गारफील्ड यांच्या खुनाने लोक खवळलेले होते. शिवाय आर्थर यांचा पक्ष नुकताच निवडणूक हरला होता, आणि जाता जाता आपली माणसं कायम करून घ्यायला त्यालाही हा कायदा सोयीचा होता. सुरुवातीला दहातली एखादीच जागा या कायद्याखाली आली.

त्याच वर्षी मेरी हॉइट ही बाई परीक्षेत पहिली आली आणि वर्षाला ९०० डॉलरवर सरकारी खजिन्यात कारकून झाली. कुणाची चिठ्ठी नाही की काही नाही. तरी काही जागांसाठी पुरुषच हवेत, असं साहेब लोक सांगतच राहिले. सगळ्या परीक्षा बायकांना खुल्या व्हायला १९१९ साल उजाडलं.

आर्थर १८८६ साली वारले. मरणाआधी त्यांनी आपले बहुतेक कागद जाळून टाकायला लावले. ज्युलियाची पत्रं मात्र शाबूत राहिली, आणि १९५८ साली त्यांच्या नातवाकडे सापडली.