फेकलेला दगड थांबतो का? – यामिकीच्या इतिहासातील एक प्रश्न

आपली मुले कॅरम खेळताना बोर्डावर पावडर टाकतात. पावडर टाकली की स्ट्रायकर अधिक दूर जातो, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु बोटाने टिचकी मारल्यावर बोट मागेच राहते, तरी स्ट्रायकर पुढे का जात राहतो? आणि अखेर तो थांबतो तरी का? प्रश्न पोरखेळाचा वाटतो. पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास मानवजातीला सुमारे दोन हजार वर्षे लागली. त्या उत्तरातून जे शास्त्र उभे राहिले त्यास अभिजात यामिकी म्हणतात. शाळेत ‘गतिविषयक नियम’ या नावाने आपण त्याचाच प्रारंभ शिकतो.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगितले की, वस्तू चालती ठेवण्यास तिला सतत कोणीतरी ढकलीत राहिले पाहिजे. मग हातातून सुटलेल्या दगडाला कोण ढकलतो? त्याचे उत्तर होते, भोवतालची हवा. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस याने यावर आक्षेप घेतला. हवा ढकलीत नाही, उलट अडविते, आणि फेकणाऱ्याचा हात दगडातच काही जोर भरून देतो, असे त्याचे म्हणणे होते.

पुढे बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली आणि हा वाद अरबी विद्वानांच्या हाती आला. बुखाराजवळ जन्मलेले इब्न सीना (९८०–१०३७) वैद्यकासाठी प्रसिद्ध आहेत, पण ‘किताब अश्-शिफा’ या ग्रंथात त्यांनी गतीचाही विचार केला आहे. फेकलेल्या वस्तूत ‘मय्ल’, म्हणजे एक प्रकारचा कल किंवा ओढ, निर्माण होतो आणि बाहेरच्या अडथळ्याने तो झिजतो, असे त्यांनी मांडले. अडथळाच नसेल तर मय्ल झिजणार नाही व वस्तू कधीच थांबणार नाही, हेही त्यांनी ओळखले. मात्र असे कोठे दिसत नाही, तेव्हा पूर्ण पोकळी असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दारापर्यंत येऊन ते परत फिरले!

बाराव्या शतकात अबुल बरकात अल्-बगदादी यांनी वस्तू पडताना तिचा वेग का वाढत जातो, याचे कारण दिले. वजन क्षणाक्षणाला नवा मय्ल देते व तो साठत जातो, असे ते कारण. त्याच शतकात स्पेनमधील सारागोसाचे इब्न बाज्जा यांनी ॲरिस्टॉटलचे एक गणित खोडून काढले. माध्यम गतीला केवळ कमी करते. ते नसले तरी गती अमर्याद होत नाही, असे त्यांचे मत. इब्न रुश्द यांच्या भाष्यातून हे मत युरोपात पोहोचले आणि तरुण गॅलिलिओच्या लिखाणातही त्याच जातीचा विचार आढळतो.

येथे अल्-खाझिनी यांचे नावही घेतले पाहिजे. मर्व्ह येथील एका खजिनदाराचे ते गुलाम होते. त्या धन्याने त्यांना उत्तम शिक्षण दिले. ११२१ च्या सुमारास त्यांनी ‘ज्ञानतुला’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. तराजू, गुरुत्वमध्य आणि मिश्र धातूतील भेसळ पाण्यात तोलून ओळखण्याची रीत त्यात आहे. शिक्षण मिळाले नसते तर हे नाव इतिहासात उरलेच नसते.

चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँ याने ‘आवेगा’ची कल्पना मांडली. ती इब्न सीनांच्या विचाराशी पुष्कळ जुळते, पण त्यांच्यापासून त्याने किती घेतले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. गॅलिलिओने मात्र वादाला प्रयोगाची जोड दिली. उतरत्या फळीवरील गुळगुळीत खोबणीतून त्याने गोळी सोडली आणि भांड्यातून पडलेले पाणी तोलून वेळ मोजला. समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, हे त्याला आढळले. १६३८ मध्ये त्याचा ग्रंथ लायडन येथे छापला गेला, तेव्हा तो अंध होता आणि स्वतःच्या घरात नजरकैदेत होता.

न्यूटनची कथा पालकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. जन्मापूर्वीच वडील वारले होते. शेती सांभाळण्यासाठी आईने त्याला शाळेतून काढले. मामा व मुख्याध्यापक यांनी तिची समजूत घातली, म्हणून तो शाळेत परतला. १६६१ मध्ये तो केंब्रिजला गेला, तेव्हा खर्च भागविण्यासाठी त्याला श्रीमंत विद्यार्थ्यांची नोकरासारखी कामे करण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. १६८७ मध्ये त्याचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. बाहेरून बल लागले नाही तर चालती वस्तू सरळ रेषेत, त्याच वेगाने चालतच राहते, हा त्यातील पहिला नियम. गतीला कारण लागत नाही, गती बदलण्यास कारण लागते. स्ट्रायकर थांबतो तो जोर संपला म्हणून नव्हे, तर घर्षण त्याला थांबविते म्हणून. पावडर ते घर्षणच कमी करते.

या नियमांनी आकाशाचेही गणित सुटले. हॅलीने भाकीत केलेला धूमकेतू, न्यूटन व हॅली दोघेही हयात नसताना, १७५८ च्या अखेरीस परत आला. १८४६ मध्ये ल व्हेरिएच्या आकडेमोडीवरून बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून ग्रह सापडला, तोही सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत. पण बुधाच्या कक्षेत शतकाला सुमारे ४३ विकलांचा फरक उरत होता. त्याचे उत्तर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दिले. अतिप्रचंड वेग, प्रबळ गुरुत्व आणि अणूंचे जग येथे जुनी यामिकी अपुरी पडते. तरीही पूल, इमारती, मोटारी यांचे हिशोब आजही तिच्यावरच चालतात. १४ जुलै २०२३ ला निघालेले आपले चांद्रयान-३ याच गणिताने २३ ऑगस्टला चंद्रावर उतरले. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान, मागून कोणी ढकलीत नसतानाही, सूर्यापासून दूर धावतच आहे. इब्न सीनांना जे अशक्य वाटले, ते प्रत्यक्षात घडत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पूर्वजांची नावे घेऊन छाती फुगविणे सोपे आहे. पण सर्व काही आपल्याच लोकांनी शोधले असे म्हणणे जितके खोटे, तितकेच त्यांनी काहीच केले नाही असे म्हणणेही खोटे. इब्न सीनांनी ॲरिस्टॉटलला उस्ताद मानले आणि तरीही त्याची चूक दाखविली. त्यांचा खरा वारसा हाच आहे. आणि पालकांना नम्र विनंती अशी की, मुलाने किंवा मुलीने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि उद्या शिक्षकांना विचारायला पाठवा. घरची अडचण कितीही असो, मुलाला, मुलीला शाळेतून काढण्यापूर्वी न्यूटनच्या मामाची एकवार आठवण करा.