खेळण्यातलं इंजिन आणि विरारची वीज

मॉडेल गाडीचं इंजिन खऱ्या इंजिनावरून केलेलं असतं का, हा प्रश्न घरात लहान मूल असलं की कधी ना कधी येतोच. एका शब्दात उत्तर द्यायचं तर, बहुधा. पण खरी गंमत त्या 'बहुधा'तच आहे.

निळा थॉमस घ्या. त्याला चेहरा आहे, तो बोलतो, म्हणून सगळं कल्पनेतलं वाटतं. पण १९४६ साली रेव्हरंड ऑड्री यांच्या पुस्तकासाठी त्याचं चित्र काढलं गेलं ते दक्षिण इंग्लंडमधल्या 'ई-२' जातीच्या इंजिनावरून. १९१३ ते १९१६ या काळात अशी फक्त १० इंजिनं बांधली. १९६३ पर्यंत सगळी बाद झाली, जपलेलं एकही नाही. आज ते रूप जगभरच्या पोरांना ओळखू येतं, ते खेळण्यामुळे!

मोठ्यांच्या मॉडेलांत मापाला महत्त्व. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. तिथल्यासारख्या गाड्यांचं जगभर रूढ प्रमाण १:८७. जरा शाळेतलं गणित करू. या मॉडेलांच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. गुणिले ८७, झाले सुमारे १४३५. हे युरोपातल्या बहुतेक रुळांचं माप. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा. ८७ने भागलं तर साधारण १९.३ मिमी हवेत. म्हणजे तयार रुळांवर भारतीय इंजिन चालवायचं तर अंग खरं, पाय मात्र जवळ ओढलेले.

आता आपल्या गावाकडे येऊ. पालघर-बोईसरहून मुंबईला जाताना वैतरणा मागे पडली की विरारच्या अलीकडे तारेतली वीज बदलत असे, २५,००० व्होल्ट एसीची १,५०० व्होल्ट डीसी. डब्यात बसलेल्यांना पत्ताही लागत नसे. दोन्ही विजांवर चालणारं 'डब्ल्यूसीएएम-१' इंजिन खास या मार्गासाठी चित्तरंजनला १९७५ पासून बांधलं गेलं. २०१२ साली चर्चगेटपर्यंत सगळीकडे एसी झाली, तशी दुहेरी विजेची गरज संपली आणि ती इंजिनंही रुळांवरून गेली.

थॉमसच्या इंजिनाला निदान खेळणं मिळालं. आपल्या इंजिनाला कोण देणार? मॉडेल करणाऱ्याला बाजूने काढलेला स्वच्छ फोटो लागतो, रंग लागतो, नंबर लागतो. दाराची जागा, खिडक्यांची संख्यासुद्धा लागते.

म्हणून नातेवाईकांना आणि ब्लॉगमित्रांना एक विनंती. जुन्या अल्बमात वऱ्हाडाच्या किंवा सहलीच्या फोटोत माणसांमागे असं इंजिन उभं असेल, तर कडा कापून फोटो लहान करू नका. मागे साल आणि स्टेशन लिहून ठेवा. माणसांची नावं तर लिहालच, इंजिनाचा नंबर दिसत असेल तर तोही लिहा.