समुद्रतळाचीं कुरणें

गांवाला गायरान असतें हें आपण सर्व जाणतों. समुद्रालाही तें असतें, हें कोळी, गाबीत, दालदी यांखेरीज फारसें कोणी मनांत आणीत नाहीं. उथळ पाण्याच्या तळाशीं उगवणारें सागरी गवत हें शेवाळ नव्हे. मुळें, पानें, फुलें धरणारी ती खरीखुरी वनस्पति आहे. माशांचीं पिलें तिच्या आश्रयानें वाढतात व तिच्या मुळांनीं तळाचा गाळ जागच्या जागीं राहतो. कोंकणच्या खाड्यांतील चिखलांतही हॅलोफिला नांवाचें असें गवत आढळतें.

या कुरणांच्या नासाडीची तक्रार नवी नाहीं. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाकडे १३७६ सालीं एक अर्ज गेला होता. नव्या तऱ्हेच्या जाळ्याचें जड लोखंड तळावरून फिरतें, पाण्याखालील वनस्पति नष्ट करतें, आणि लहान मासे इतके सांपडतात कीं ते डुकरांना घालावे लागतात, असें त्यांत म्हटलें होतें.

आपल्याकडे ही कथा साडेपांच शतकांनीं आली. मुंबई सरकारनें १९२१-२२ सालीं ‘विल्यम कॅरिक’ हें वाफेचें जहाज तळाचें जाळें ओढून पाहण्याकरितां धाडलें. स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका वाढल्या आणि ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यालाही लागूं लागले. साऱ्या वाडीनें मिळून रापण ओढावी व वांटणी घ्यावी, ही जुनी रीत त्यांपुढें मागें पडली. तंटे वाढले, तसे निर्बंधही आले : १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, १९८७ चें मालवणचें सागरी अभयारण्य, २०१६ चे पर्ससीन जाळ्यांवरील निर्बंध. परंतु मालवणच्या अभयारण्यास तेथील मच्छीमारांनींच तीव्र विरोध केला. १३७६ सालीं तळाची बाजू मांडणारे आणि येथें रक्षणाला भिणारे लोक एकाच धंद्याचे. ज्यांना राखणदार करावयाचें, त्यांनाच आरोपी मानलें कीं असें होतें.

गेलेलें गवत परत आणतां येतें काय ? अमेरिकेंत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील गवत रोगानें व १९३३ च्या वादळानें नाहींसें झालें होतें. तेथें १९९९ पासून सात कोटींहून अधिक बिया पेरून हजारों एकर कुरण पुन्हा उभें राहिलें. मात्र एक भेद विसरूं नये. तेथें रोग ओसरल्यावर पेरणी झाली. जेथें नौकांचे पंखे, नांगर व जाळीं रोज तळ खरवडीत आहेत, तेथें बीं पेरणें म्हणजे गुरें मोकाट ठेवून शेत लावणें होय.

पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवाव्या व नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मग पाण्यांत उतरावें, ही आमच्या किनाऱ्याची रूढि. भीतीपोटीं असो वा भक्तीपोटीं, तिनें समुद्राला कालाची विश्रांति दिली. आजची जून-जुलैची बंदी तेंच करते. आतां उणीव आहे ती स्थलाच्या विश्रांतीची. कोठें नांगर टाकावयाचा नाहीं, हें त्या त्या वाडीला विचारून ठरलें, तर तें पाळलें जाईल, पेरणी त्यानंतरची.