समुद्रावरचे शस्त्र आणि त्याचा जाब

जमिनीवर दरोडा पडला तर फिर्याद कोठे द्यायची, हे लहान मूलही सांगेल. समुद्राची गोष्ट निराळी. तेथे वेस नाही, चावडी नाही आणि कोतवालही नाही. लुटलेले जहाज एका देशाचे, त्यातला माल दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे आणि लुटारू चौथ्याचेच, असे तेथे नित्य घडते. म्हणूनच समुद्रावरील गुन्ह्यांच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो: शस्त्र कोणी बाळगावे, आणि ते चालल्यावर जाब कोणी द्यावा? आपल्या पश्चिम किनाऱ्याने हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी अनुभवला, आणि आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा अनुभवला.

इ. स. १६९५ च्या सप्टेंबरात औरंगजेब बादशहाचे ‘गंज-इ-सवाई’ हे प्रचंड जहाज मक्केचे यात्रेकरू घेऊन सुरतेकडे परत येत होते. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते गाठले. लूट झाली आणि यात्रेकरूंवर अनन्वित अत्याचार झाले. एव्हरीच्या हाताखालचे जहाज मुळात कोणाचे होते? इंग्रज सावकारांनी भांडवल घालून ते स्पेनच्या कामगिरीसाठी सज्ज केले होते. पगार थकला, खलाशांनी १६९४ साली बंड केले, आणि भाड्याचे शस्त्र चाच्याचे शस्त्र झाले. सुरतेत वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकण्यात आले. मोगलांचा न्याय सरळ होता. लुटारू तुमचे, तर भरपाईही तुमच्याकडून!

एव्हरी कधीच सापडला नाही. त्याच्या काही साथीदारांवर मात्र १६९६ साली लंडनमध्ये खटला चालला. बादशाही जहाज लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले! सरकारची फार नामुष्की झाली. मग त्यांच्यावर इंग्रजांचे जहाज पळविल्याचा दुसरा आरोप ठेवण्यात आला. तो शाबीत झाला आणि पाच जण फासावर गेले. यात्रेकरूंच्या हालांचे मोल त्या न्यायाच्या तराजूत किती होते, हे श्रोत्यांनीच ताडावे.

त्याच वर्षी कॅप्टन किड याला चाच्यांच्या बंदोबस्तासाठी राजाची सनद मिळाली. त्या मोहिमेत इंग्लंडमधील बड्या उमरावांचे पैसे गुंतलेले होते. लूट मिळाली तरच खलाशांना पैसे, असा करार असल्यावर सनद आणि दरोडा यांत अंतर ते किती उरणार? १६९८ साली किडने मलबारच्या समुद्रात बंगालहून सुरतेस निघालेले एक श्रीमंत जहाज पकडले. त्यावर फ्रेंच परवाना होता, म्हणून ते शत्रूचे जहाज, असे त्याचे म्हणणे. १७०१ साली तो लंडनमध्ये फाशी गेला. ज्या परवान्यांवर त्याची भिस्त होती ते खटल्यात पुढे आलेच नाहीत. पुढे विसाव्या शतकात ते लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले.

आता कान्होजी आंग्र्यांकडे वळू. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत असत, आणि तो नसलेले गलबत जप्त करीत असत. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल. त्यांनी तोच हक्क आपल्या किनाऱ्यावर बजावला आणि दस्तके दिली. इंग्रजांच्या कागदांत मात्र ते ‘चाचा’ ठरले. पण याच ‘चाच्या’शी मुंबईच्या गव्हर्नराने १७१३ साली तह केला. चाच्याशी कोणी तह करतो काय? १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परतले.

कान्होजींच्या अभिमानापोटी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याचे गलबत धरले गेले, त्या गरीब व्यापाऱ्याला कार्ताझ काय आणि दस्तक काय, सारखेच जाचक. फरक दुसऱ्या ठिकाणी होता. कुलाब्याच्या सत्तेला ठिकाण होते, दरबार होता, तहावर तिचा शिक्का पडत होता. तिला प्रश्न विचारता येत होता. एव्हरीला कोठे गाठून विचारणार? चाचा कोण, याची खरी कसोटी मला येथे दिसते.

१७५६ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्ग घेतला आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८५६ साली, पॅरिसच्या जाहीरनाम्यात युरोपातील राष्ट्रांनी ठरविले की, खाजगी जहाजांना लुटीच्या सनदा देण्याची चाल यापुढे बंद. यात केवळ सदाचाराचा उमाळा होता असे समजू नये. इंग्लंडचे आरमार सर्वांत बलाढ्य होते आणि व्यापारही सर्वांत मोठा. सनदी लुटारूंची त्याला गरज उरली नव्हती, भीती मात्र होती. अमेरिकेचे आरमार लहान, म्हणून तिने सही केली नाही. स्वार्थातून का होईना, एक मोठी मर्यादा घातली गेली. समुद्रावर शस्त्र चालवायचे ते राज्याने, आणि त्याचा जाबही राज्यानेच द्यायचा.

ही मर्यादा पुढे दीडशे वर्षे बऱ्याच अंशी पाळली गेली. सोमालियात १९९१ साली सरकार कोसळले, आणि २००८ च्या सुमारास तेथील चाचे एडनच्या आखातात जहाजे पळवून खंडणी वसूल करू लागले. भारतासह अनेक देशांची आरमारे धावली. पण समुद्र अफाट आणि युद्धनौका मोजक्या. तेव्हा जहाजमालकांनी पैसे मोजून बंदूकधारी पहारेकरी नेमले. २०११ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. या पहाऱ्याने अनेक खलाशी वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. महिनोन्‌महिने ओलीस राहिलेल्या खलाशांत आपले भारतीयही होते.

परंतु बंदूक आली की धोक्याची रेषाही सरकते. विमेवाल्यांनी आणि जहाजधंद्याने आखलेले ‘धोक्याचे क्षेत्र’ २०१० साली पूर्वेकडे ७८ रेखांशापर्यंत वाढविण्यात आले. म्हणजे आमच्या कोळी बांधवांचे रोजचे मासेमारीचे पाणीच त्यात आले! १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून गोळ्या सुटल्या आणि ‘सेंट अँटनी’ या होडीवरील दोन मच्छीमार ठार झाले. त्यांना चाचे समजण्यात आले होते.

गोळी झाडणारे इटलीच्या आरमाराचे सैनिक. पण पहारा खाजगी जहाजावर, आणि खर्च मालकाचा. मग हे सैनिक की रखवालदार? या एका प्रश्नावर दोन राष्ट्रांत आठ वर्षे वाद चालला. २०२० साली लवादाने निर्णय दिला की, सैनिकांना राज्याचे सेवक म्हणून संरक्षण आहे, भारताला खटला चालविता येणार नाही, मात्र इटलीने भरपाई द्यावी. दहा कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण मिटविले. २०२२ साली रोमच्या न्यायालयानेही खटला बंद केला. भरपाई मिळाली; पण गोळी का सुटली, याचा निवाडा कोणत्याच फौजदारी न्यायालयात झाला नाही. ते क्षेत्र पुढे २०१५ साली मागे घेण्यात आले. गेलेली माणसे परत आली नाहीत.

राज्याने शस्त्र धरले म्हणजे काम संपले, असेही नाही. १९९९ साली ‘अलोंड्रा रेनबो’ हे चाच्यांनी पळविलेले जपानी मालकीचे जहाज आपल्या आरमाराने व तटरक्षक दलाने पाठलाग करून पकडले. पण चाचेगिरीचा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नव्हता. मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना २००३ साली शिक्षा दिली आणि २००५ साली उच्च न्यायालयात ते सुटले. तसा कायदा संसदेने केला तो २०२२ साली. मार्च २०२४ मध्ये ‘रूएन’ या जहाजावरील ३५ सोमाली चाच्यांना जिवंत पकडून आरमाराने मुंबईत पोलिसांच्या स्वाधीन केले. पकडले तेथेच त्यांचा निकाल लावता आला असता. पण त्यांना न्यायासनापुढे आणण्यात आले, ही गोष्ट मला त्या चकमकीहूनही मोलाची वाटते.

चाच्यांपासून खलाशाचे रक्षण झाले पाहिजे, यात दुमत नाही. पण रक्षकाच्या हाती बंदूक देताना ‘उद्या याचा जाब कोण देणार?’ हे आधी ठरले पाहिजे. ते न ठरविता दिलेली बंदूक पहाटे जाळे टाकायला निघालेल्या कोळ्याच्या जिवावर बेतते, आणि त्याच्या घरच्यांना फिर्याद कोठे द्यावी हेही कळत नाही.