स्वल्पविराम आणि पूर्णविराम : कंपवाताच्या चित्रांचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वैद्यकातलं असलं, तरी त्यामागचा प्रश्न आपल्या तत्त्वज्ञानाच्या अंगणातलाच आहे. जे दिसतं, त्यावरून जे असतं ते किती ओळखता येतं?

दोन माणसांचे हात थरथरतात असं समजू. एकाचा हात मांडीवर निवांत पडलेला असताना थरथरतो, आणि कप उचलला की कंप कमी होतो. दुसऱ्याचा हात एरवी शांत. पण कप उचलला की चहा बशीत सांडतो. पहिल्याला बहुधा पार्किन्सनचा आजार असतो, दुसऱ्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’. औषधं वेगळी, पुढची वाटचालही वेगळी. घरात मात्र आपण दोघांनाही ‘कंपवात’च म्हणतो.

हा भेद डोळ्यांनी करण्याची परंपरा जुनी आहे. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये लंडनमध्ये सहा रुग्णांचं वर्णन केलं. त्यांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले होते. पुढे पॅरिसमध्ये शार्को यांनी विश्रांतीतला कंप आणि हालचालीतला कंप वेगळे काढले आणि या आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं.

पण नुसत्या नजरेला मर्यादा असते. लंडनमध्ये 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हयातीत पार्किन्सनचं निदान झालेल्या 100 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले. त्यांतल्या 76 जणांचंच निदान खरं ठरलं. उरलेल्या 24 जणांनी भलत्याच आजाराचं नाव अंगावर वागवत दिवस काढले होते.

मग मेंदूचा फोटोच का काढू नये? सीटी स्कॅनने 1971 मध्ये जिवंत माणसाचा मेंदू पहिल्यांदा दाखवला. पण पार्किन्सनच्या रुग्णाचा सीटी बहुधा त्याच्या वयाच्या इतर कुणासारखाच दिसतो. घराच्या भिंती शाबूत आहेत, एवढं त्यातून कळतं. आत चूल पेटली आहे का, ते कळत नाही. या आजारात विझत जाते ती चूलच. व्हिएन्नामध्ये हॉर्निकिएविच यांनी 1960 मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूत दाखवून दिलं होतं, की डोपामिन हे रसायन तिथे फार कमी झालेलं असतं.

जिवंत माणसात ते पाहायला 1983 साल उजाडावं लागलं. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये गार्नेट आणि सहकाऱ्यांनी डोपा या द्रव्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलं आणि पेट स्कॅनने त्याचा माग काढला. मात्र हे फ्लोरिन 110 मिनिटांत निम्मं होतं. सायक्लोट्रॉन जवळपास हवाच. पुढे आयोडिन जोडलेलं आयोफ्लुपेन आलं. त्याला युरोपात 2000 मध्ये आणि अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे टेक्निशियमवर आधारलेला ‘ट्रोडॅट’ स्कॅनही वापरतात.

या स्कॅनमध्ये निरोगी मेंदूत दोन ठसठशीत स्वल्पविराम दिसतात. पार्किन्सनमध्ये त्यांच्या शेपट्या पुसल्या जातात आणि उरतात दोन पूर्णविराम. इसेन्शियल ट्रेमरमध्ये स्वल्पविराम शाबूत असतात. चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं सिनॅरिझिन घेणाऱ्या एखाद्या आजोबांची चाल मंदावते, तेव्हाही ते बहुधा शाबूतच असतात. अशा वेळी दोष गोळीचा असू शकतो, आणि डॉक्टरांनी ती बंद केली की पुष्कळदा माणूस सुधारतो. एका चित्राने आयुष्यभराचं चुकीचं औषध टळू शकतं, ते असं.

इथे आपण मीमांसकांची आठवण काढू. जमिनीवर घट नाही हे कळणं, म्हणजे अनुपलब्धी, हे कुमारिल भट्टांच्या परंपरेने स्वतंत्र प्रमाण मानलं. हा स्कॅन नेमका अभावाचं ज्ञान देतो. पण घट नाही एवढं कळल्याने तो कुणी नेला हे कळत नाही! टोरांटोमध्ये 1964 साली स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी वर्णन केलेल्या ‘प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी’तही पूर्णविरामच दिसतात, आणि ‘मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी’तही बहुधा तेच. 1992 च्या अभ्यासात चुकलेल्या निदानांत हे दोन्ही आजार होते. म्हणजे या चित्राने त्या रुग्णांचा गुंता सोडवला नसता.

त्यासाठी प्रश्न बदलावा लागतो. पहिल्या आजारात एमआरआयवर मध्यमेंदू बारीक होऊन बाजूने हमिंगबर्ड पक्ष्यासारखा दिसू शकतो. दुसऱ्यासाठी कधी कधी चक्क हृदयाचा स्कॅन काढतात. पार्किन्सनमध्ये हृदयाकडे जाणारे मज्जातंतूही झिजतात, इथे ते बहुधा टिकून असतात.

म्हणून घरात असा रुग्ण असेल, तर ‘स्कॅन करू या का?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘या स्कॅनने आमची कोणती शंका फिटणार, आणि त्याने उपचार बदलणार का?’ हेही डॉक्टरांना विचारावं. लक्षणं स्पष्ट असतील तर अनेकदा स्कॅनची गरजच नसते. यंत्र आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. प्रश्न मात्र रुग्णाची चाल आणि हात नीट पाहूनच ठरवावा लागतो.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळू या.